भावनांची ओळख आणि अवधान-चिकित्सा

आपल्या घरांतून एखाद्यास “तुला काय होत आहे?” असें विचारलें असतां बहुधा दोनच उत्तरें मिळतात. एक, “कांहीं नाहीं”, आणि दुसरें, “डोकें दुखतें आहे.” रागावलेला गृहस्थ पहिलें उत्तर देतो, दुःखी गृहिणी दुसरें. मुलें थोडीं धीट असतात. तीं “कसेंतरीच होतें” एवढें तरी सांगतात. वास्तविक आपली मराठी भाषा या कामीं मुळींच दरिद्री नाहीं. भीतीनें पोटांत गोळा येतो, छातींत धडधडतें, हातपाय गळतात. संताप आला म्हणजे तळपायाची आग मस्तकास जाते व अंगाचा तिळपापड होतो. दुःखानें कंठ दाटून येतो आणि आवंढा गिळावा लागतो. वाईट वार्ता ऐकतांच काळजांत चर्र होतें. ज्या कोणा अनाम पूर्वजांनीं हे वाक्प्रचार घडविले त्यांनीं आपल्या शरीराकडे फार बारकाईनें पाहिलें असलें पाहिजे. आपण मात्र हे शब्द शाळेंत ‘वाक्यांत उपयोग करा’ या प्रश्नाखालीं शिकतों, आणि परीक्षा झाली कीं तेथेंच ठेवून घरीं येतों.

साहित्यशास्त्राचीहि तीच कथा. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत 8 स्थायी, 33 व्यभिचारी आणि 8 सात्त्विक असे एकूण 49 भाव गणले आहेत. त्यांतील सात्त्विक भाव पाहावे: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय. सर्वच्या सर्व शरीरावर उमटणारे. ही यादी आम्हीं कित्येक वर्षें विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली आहे. परंतु ती मुखोद्गत असलेला एखादा विद्वान स्वतःच्या मुलावर ओरडत असतो, तेव्हां आपला स्वर भंगला आहे व हात कांपत आहे, हें त्याच्या गांवींहि नसतें. रंगभूमीवरच्या नटाचा वेपथु त्याला तिसऱ्या रांगेंतून दिसतो; स्वतःचा दिसत नाहीं.

नेमक्या या ठिकाणीं ज्या मानसचिकित्सेचा आरंभ होतो, तिची ओळख वाचकांस करून द्यावी असा आमचा विचार आहे. इंग्रजींत तिच्या मुळाशीं असलेल्या गुणास माइंडफुलनेस म्हणतात. हल्लीं मराठींत ‘सजगता’ हा शब्द रूढ होऊं लागला आहे व तो वाईट नाहीं. परंतु आम्हांला ‘अवधान’ हा जुना शब्द अधिक आवडतो. सजग तर पहारेकरीहि असतो, पण तो चोराची वाट पाहत असतो. अवधानांत कोणाची वाट पाहावयाची नसते.

प्रथम, भावना म्हणजे काय? अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यानें 1884 सालीं या प्रश्नावर एक निबंध लिहून मोठी खळबळ उडविली. अस्वल दिसलें, म्हणून भय वाटलें, म्हणून आपण पळालों, असा क्रम आपण सर्वजण गृहीत धरतों. जेम्सचें म्हणणें असें कीं, अस्वल दिसतांच शरीरांत उलथापालथ होते, पाय पळूं लागतात, आणि या उलथापालथीची जी जाणीव तिलाच आपण भय म्हणतों. डेन्मार्कमधील कार्ल लांगे या वैद्यानेंहि पुढच्याच वर्षीं असेंच मत मांडलें. हें मत अक्षरशः टिकलें नाहीं. वॉल्टर कॅनननें 1927 मध्यें त्यावर कठोर आक्षेप घेतले. तरी त्यांतील एक अंश शिल्लक राहिला तो राहिलाच: भावनेचें बिऱ्हाड केवळ मनांत नसून शरीरांतहि असतें. 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत फिनलंड, स्वीडन व तैवान येथील 701 माणसांना मानवी देहाच्या कोऱ्या आकृति देऊन, निरनिराळ्या भावनांच्या वेळीं शरीराचा कोणता भाग जागा होतो व कोणता मंदावतो तें रंगवावयास सांगितलें होतें. रागाचा रंग छाती, डोकें व हात यांत भरला. दुःखांत हातपाय मंदावलेले दाखविले गेले. आनंदानें सगळी आकृति उजळली. उत्तर युरोपांतील आणि तैवानांतील चित्रें बरीच जुळलीं. ‘हातपाय गळणें’ हा वाक्प्रचार ज्यानें जन्मांत ऐकला नाहीं, त्यानेंहि तोच रंगविला, याची आम्हांला मोठी मौज वाटली.

या चिकित्सेच्या दृष्टीनें भावना ही एकजिनसी वस्तु नव्हे. शरीरांतील संवेदना, मनांत उठलेलें एखादें वाक्य आणि कांहींतरी करून टाकण्याची ऊर्मि, हीं तीन पदें तींत असतात; आणि तीं इतक्या त्वरेनें जुळतात कीं आपल्याला एकच अखंड शब्द ऐकूं येतो. संस्कृतचा मास्तर संधि सोडवून पदें वेगळीं करून दाखवितो, तेव्हां अर्थ बदलत नाहीं, पण वाचणाऱ्याची भीति जाते. अवधानाचें काम बरेंचसें याच जातीचें आहे.

आतां आपण भावनांचें एरवीं काय करतों तें पाहूं. मध्यमवर्गीय सुशिक्षित घरांत मुख्य रीत दाबण्याची. “पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय?”, “चार माणसांत शोभा नको”, “त्याचा विचारच करूं नकोस.” हीं वाक्यें मायेपोटींच बोललीं जातात, हें आम्ही जाणतों. परंतु विचार करूं नको म्हटल्यानें विचार थांबत असता तर वैद्यबुवांच्या त्या जुन्या गोष्टींतल्या रोग्याचा रोगहि बरा झाला असता. औषध घेतांना तेवढें माकड आठवूं नका, असें वैद्यानें बजावलें, आणि बिचाऱ्याला मात्रा उगाळावयास बसलें कीं माकडच दिसूं लागलें! अमेरिकेंतील डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानें 1987 सालीं हीच गोष्ट प्रयोगानें दाखविली. त्यानें माकडाऐवजीं पांढरें अस्वल घेतलें, एवढाच फरक. पांच मिनिटें अस्वलाचा विचार करूं नका, आणि आलाच तर घंटा वाजवा, असें सांगितल्यावर घंटा वाजत राहिल्या. आणि पुढें मोकळीक दिल्यावर, ज्यांनीं आधीं विचार दाबला होता त्यांनाच अस्वल अधिक वेळां आठवलें.

दुसरी रीत ओकून टाकण्याची. “एकदां मोकळा हो, बरें वाटेल” असें म्हणतात. आपल्या माणसाजवळ मन मोकळें करणें निराळें, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु आदळआपट करून राग ‘बाहेर काढला’ म्हणजे तो सरतो, ही समजूत खरी नव्हे. ब्रॅड बुशमन यानें 2002 मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत 600 विद्यार्थ्यांना आधीं चिडविलें. मग कांहींना, ज्यानें चिडविलें त्याचें स्मरण करीत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर गुद्दे मारावयास लावलें, आणि कांहींना नुसतें स्वस्थ बसविलें. राग सर्वांत अधिक राहिला तो गुद्दे मारणाऱ्या त्या पहिल्या मंडळींचा, आणि सर्वांत कमी स्वस्थ बसलेल्यांचा. ताटें आपटणाऱ्या यजमानांच्या घरीं हा निकाल भिंतीवर लावून ठेवण्याजोगा आहे.

दाबणें नाहीं आणि ओकणें नाहीं, तर मग तिसरें काय? अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील वुस्टर येथील वैद्यकीय महाविद्यालयांत जॉन कबात-झिन नांवाच्या गृहस्थांनीं 1979 सालीं एक वर्ग सुरू केला. हे गृहस्थ शिक्षणानें रेणुजीवशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे जे रोगी येत त्यांत जुनाट दुखण्यांचे पुष्कळ असत. पाठ, मान, डोकें सतत दुखत असलेले, आणि औषधोपचार करून थकलेले. आठ आठवड्यांच्या त्या वर्गांत त्यांना दुखणें विसरावयास शिकविलें जात नसे, तर तें नीट पाहावयास शिकविलें जाई. आडवें पडून पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवावर लक्ष फिरवीत न्यावयाचें, आणि तेथें जें असेल तें, चांगलें कीं वाईट असा शेरा न मारतां, जाणावयाचें. “दुखतें आहे” ही संवेदना आणि “आतां जन्मभर असेंच दुखणार” हें वाक्य, या दोन वस्तु आहेत, हें कित्येकांना तेथें प्रथमच कळलें.

याच बीजाचें मनाच्या दुखण्यासाठीं जें रोप झालें तें तिघांच्या श्रमाचें फळ. टोरँटोचे झिंडेल सीगल, वेल्समधील बँगोरचे मार्क विल्यम्स आणि केंब्रिजचे जॉन टीस्डेल. विषादरोगाचा स्वभाव असा कीं तो बरा होतो आणि पुन्हां येतो, आणि जितक्या वेळां आला तितकी त्याची वाट रुळत जाते. टीस्डेल यांचें म्हणणें असें: एकदां हा रोग होऊन गेलेल्या माणसाच्या मनांत साधें दुःख आणि रोगाच्या काळांतले काळे विचार यांची गांठ पडलेली असते. इतरांचें मन ज्या उदासीनें संध्याकाळपर्यंत कोमेजतें आणि पुन्हां टवटवीत होतें, तीच उदासी या माणसाचें सारें जुनें बाड सोडते. मग तो विचार करीत बसतो; विचार नव्हे, रवंथ. “मीच असा कां?” या घासाचा कधींच चोथा होत नाहीं, आणि रसहि निघत नाहीं.

हा रवंथ थांबविण्यासाठीं या तिघांनीं आरंभीं पूर्वींच्या विचार-चिकित्सेलाच लक्ष वळविण्याच्या शिक्षणाची जोड देण्याचा बेत केला होता. फिलाडेल्फियाच्या आरन बेक यांनीं 1960 नंतरच्या दशकांत उभारलेल्या त्या चिकित्सेंत रोग्याचे खोटे विचार तर्कानें तपासून दुरुस्त केले जात. वुस्टरचा वर्ग पाहिल्यावर बेत पालटला. तेथील शिक्षक रोग्याच्या दुःखावर तोडगा सांगत नव्हते. तें दुःख थोडा वेळ बसूं देत होते. तेव्हां विचार खरा कीं खोटा हा वाद घालण्याऐवजीं, ‘हा एक विचार आहे’ एवढें ओळखणें हाच उपचाराचा गाभा ठरला. 2002 मध्यें त्यांचा ग्रंथ निघाला.

वर्गाचें स्वरूप साधें आहे. सुमारे बारा माणसें, आठवड्यांतून एकदां दोन तास, असे आठ आठवडे. आणि घरीं रोज अभ्यास. पहिला धडा एका बेदाण्याचा! तो हातावर घेऊन पाहावयाचा, बोटांनीं चांचपावयाचा, नाकाशीं न्यावयाचा, जिभेवर ठेवावयाचा, आणि मग सावकाश चावावयाचा. आमच्यासारख्या, पानावर बसल्यापासून उठेपर्यंत वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला हें थोडें हास्यास्पद वाटतें. पण आपण किती गोष्टी न चाखतांच गिळतों, हें सांगावयास याहून स्वस्त साधन मिळणें कठीण. पुढें श्वास, मग शरीर, मग आवाज, आणि शेवटीं विचार व भावना, अशा पायऱ्या आहेत. कांहींतरी बोचत असेल तर तें शरीरांत कोठें आहे तें शोधून तेथेंच थोडा वेळ लक्ष ठेवावयाचें, हा त्यांतील कठीण भाग.

आमच्या नात्यांत एक बाई आहेत. वय पन्नाशीच्या आंत, शिक्षण उत्तम, नोकरी चांगली. गेल्या पंधरा वर्षांत तीन वेळां विषादानें त्यांना अंथरुणाला खिळविलें. घरचीं माणसें वाईट नव्हत, पण “तुला कमी काय आहे?” हा प्रश्न तिन्ही वेळां सर्वांनीं विचारला, आणि त्याला उत्तर नसल्यामुळें त्यांच्या दुःखांत अपराधाची भर पडली. तिसऱ्या वेळीं औषधांनीं उतार पडल्यावर डॉक्टरांच्याच सल्ल्यानें त्या अशा एका वर्गास जाऊं लागल्या. कांहीं महिन्यांनीं आमच्याकडे आल्या असतां त्यांनीं सांगितलेली हकीकत अशी.

“काका, परवां सकाळीं दूध उतूं गेलें. ओटा सगळा बरबटला. आणि लगेच मनांत आलें, माझ्या हातून एक गोष्ट धड होत नाहीं. पूर्वीं एवढें मनांत आलें कीं तो दिवस संपलाच म्हणून समजा. परवां ध्यानांत आलें कीं छातीवर जड झालें आहे, जबडा आवळला आहे, आणि हा विचार तर माझ्या ओळखीचा आहे. मी त्याला म्हटलें, आलास का? आणि ओटा पुसला.”

“मग बरें वाटलें?” आम्हीं विचारलें.

“छे! वाईटच वाटत होतें. पण दुपारीं जेवलें.”

ज्यांनीं घरांत असें दुखणें पाहिलें आहे, त्यांना या दोन शब्दांचें मोल सांगावयास नको. आणि या बाईंनीं केलें तें काय? संधि सोडविला, आणि एका पदाला नांव दिलें. नांव देण्यांत कांहीं शक्ति आहे, याला थोडा शास्त्रीय आधारहि आहे. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत मॅथ्यू लीबरमन व त्यांचे सहकारी यांनीं 30 माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचें निरीक्षण केलें. चेहऱ्यावरील भावनेस ‘राग’, ‘भय’ असा शब्द लावतांच, मेंदूंत अमिग्डाला नांवाचा जो बदामाएवढा भाग भयाच्या वेळीं खवळतो, त्याची चलबिचल कमी झाली. हें संशोधन 2007 चें. पुढें 2012 मध्यें, कोळ्याला भिणाऱ्या 88 माणसांवर प्रयोग झाला. जिवंत, केसाळ, मोठ्या कोळ्यासमोर उभें राहून “मला भीति वाटत आहे” असें ज्यांनीं स्पष्ट शब्दांत म्हटलें, त्यांच्या तळहाताचा घाम आठवड्यानंतरच्या भेटींत इतरांपेक्षां कमी भरला. “कोळी कांहीं करीत नाहीं” अशी स्वतःची समजूत घालणारे त्यांच्या मागें पडले. लहान मुलाला “भ्यायचें काय त्यांत?” म्हणून दटावणाऱ्या आईबापांनीं हें ध्यानांत घ्यावें.

परंतु एका बाईची हकीकत म्हणजे सिद्धांत नव्हे. सीगल, विल्यम्स व टीस्डेल यांची पहिली मोठी परीक्षा 2000 सालीं प्रसिद्ध झाली. रोगांतून उठलेल्या 145 जणांना घेऊन कांहींना हा वर्ग दिला, कांहींना दिला नाहीं, आणि साठ आठवडे लक्ष ठेविलें. ज्यांना हा रोग पूर्वीं तीन किंवा अधिक वेळां झाला होता, त्यांच्यापैकीं वर्ग न मिळालेल्यांत शेंकडा 66 जणांना तो उलटला. वर्ग मिळालेल्यांत शेंकडा 37 जणांना. ज्यांना दोनच वेळां झाला होता त्यांना मात्र कांहींच लाभ दिसला नाहीं. 2004 मध्यें इंग्लंडांतील सरकारी आरोग्य-मार्गदर्शक संस्थेनें तीन किंवा अधिक वेळां विषाद झालेल्यांसाठीं या उपचाराची शिफारस केली. 2015 मध्यें 424 रोग्यांच्या दुसऱ्या एका परीक्षेंत, औषध चालू ठेवणारे आणि हा वर्ग घेऊन औषध हळूहळू कमी करणारे, यांची दोन वर्षें तुलना झाली. रोग उलटण्याचें प्रमाण शेंकडा 47 व 44. म्हणजे जवळजवळ सारखें. औषधाहून श्रेष्ठ, असा डांगोरा पिटणाऱ्यांनीं हे आंकडे पाहावे. आणि सगळें थोतांड आहे म्हणणाऱ्यांनींहि तेच पाहावे.

शाळांविषयीं बोलणें आम्हांस प्राप्तच आहे. मुलांना लहानपणींच हें शिकविलें तर पुढील दुखणें टळेल, या आशेनें ब्रिटनमध्यें 8,000 हून अधिक विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला, आणि 2022 मध्यें त्याचा निकाल आला: नेहमींच्या शिक्षणापेक्षां अधिक लाभ नाहीं. पुष्कळ मुलांनीं घरीं अभ्यास केलाच नव्हता. आम्हांला याचें नवल वाटलें नाहीं. ज्याला दुखत नाहीं त्याला मलम देऊन तासाच्या घंटेवर चोळावयास लावलें, तर तो तें डबींतच ठेवणार. आपल्याकडेहि परिपाठाला पांच मिनिटें डोळे मिटून बसविण्याची टूम कोठें कोठें निघाली आहे. मिटलेल्या डोळ्यांच्या चाळीस मुलांपैकीं कितीजण कोणाला चिमटे काढीत असतात, तें शिक्षकांना विचारावें.

आतां एक आक्षेप, जो वाचकांच्या ओठांवर असेल: हें सगळें आमचेंच आहे, त्यांत नवें तें काय? थोडें खरें आहे. माइंडफुलनेस हा शब्द 1881 मध्यें ऱ्हिस डेव्हिड्स यांनीं पाली ‘सति’ या शब्दासाठीं योजला. सति म्हणजे आपली स्मृति. पालीचें भांडार मराठी वाचकांस उघडें केलें तें गोव्याच्या धर्मानंद कोसंबी यांनीं. इतकेंच नव्हे, तर देहावर क्रमाक्रमानें लक्ष फिरविण्याचा वुस्टरचा पाठ ब्रह्मदेशांतील ऊ बा खिन यांच्या परंपरेंतून आलेला आहे. आणि त्यांचेच शिष्य सत्यनारायण गोयंका यांनीं 1976 मध्यें इगतपुरीस विपश्यनेचें केंद्र उभें केलें. एकाच विहिरीचे हे दोन पाट. परंतु इगतपुरीचे दहा दिवसांचें मौन ही साधना आहे, आणि आठ आठवड्यांचा वर्ग हा रोग्यासाठीं मापून दिलेला उपचार आहे. विहीर आपल्या आवारांत आहे, म्हणून पोहरा घालणाऱ्याचे श्रम नाकारूं नयेत.

एका शब्दाविषयीं मात्र थोडें थांबावेंसें वाटतें. योगसूत्रांत चित्तप्रसादासाठीं मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा हीं चार साधनें सांगितलीं आहेत. उपेक्षा म्हणजे ‘उप’ आणि ‘ईक्ष्’, जवळून पाहणें. संस्कृतांतच या शब्दाला ‘दुर्लक्ष करणें’ हाहि अर्थ चिकटला, आणि मराठींत तेवढाच उरला. आपल्या घरांतून भावनांच्या बाबतींत घडलें तें हेंच: जवळून पाहण्याच्या नांवाखालीं आपण दुर्लक्ष केलें, आणि त्याला वैराग्य म्हटलें. सून उदास आहे, मुलगा तीन दिवस जेवला नाहीं, आजोबा आजीच्या मागें अबोल झाले आहेत. आपण ‘सर्व कांहीं ठीक’ म्हणून पान उलटतों.

ज्या वाचकांस अशा वर्गाचा विचार करावयाचा असेल त्यांच्यासाठीं दोन व्यावहारिक सूचना. रोग जोरांत असतांना, किंवा जिवावर उदार होण्याचे विचार येत असतां, डोळे मिटून बसणें हा उपाय नव्हे. तेव्हां मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावें. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तिचा क्रमांक 14416, आणि तेथें मराठींत बोलतां येतें. मनावर जुना मोठा आघात असलेल्या माणसाला शरीराकडे लक्ष देतांना तो आघातच उसळून वर येण्याचा संभव असतो. त्याला जाणते शिक्षक डोळे उघडे ठेवून, तळपाय जमिनीला टेकवून, थोडा वेळच बसवितात. चालू असलेलें औषध स्वतःच्या मतानें बंद करूं नये. आणि वर्ग घेणारी व्यक्ति स्वतः नित्य अभ्यास करते कीं नाहीं, तिनें मानसचिकित्सेचें रीतसर शिक्षण घेतलें आहे कीं नाहीं, हें आधीं विचारून घ्यावें. फी किती, हा प्रश्न त्यानंतरचा.